बटाटा कुठून आणला?

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी (दुखरा गुडघा सांभाळून) साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? शेक सोडू नका. इकडे माझी तब्येत उत्तम, फक्त डोकं जाग्यावर नाही. गेल्या वेळी तुमच्याकडे जेवताना तुम्ही घासागणिक पदार्थाच्या नावाचा उगम सांगितलात (मामींना भाजी दोनदा गरम करावी लागली). तुम्ही जन्मभर भाषा शिकवलेली, मी भारावून गेलो आणि कारखान्याच्या माझ्या कॅन्टीनमध्ये प्रत्येक पातेल्यापुढे पुठ्ठ्याची पाटी लावली. बटाटा: पोर्तुगाल. मोसंबी: मोझांबिक. चहा: चीन. पुठ्ठा लहान, म्हणून ‘नाव आलं’ एवढं गाळलं (ते कुणालाही कळेल असं मला वाटलं). तिथेच घोडं पेंड खात होतं.

आमचे हिशेबनीस ताट घेऊन रांगेतून आले आणि बटाट्यापाशी थबकले. फाटकासमोर मंडई असताना बटाटा पोर्तुगालहून कशाला मागवता, म्हणाले. मी म्हटलं, बटाटा मंडईतलाच, नाव तेवढं तिकडचं. तर म्हणतात, म्हणजे मंडईतला माल परदेशी नावाने खपवता! इकडे आड, तिकडे विहीर. त्यातच बिस्किटांपुढची ‘दोनदा भाजलेलं’ (मूळ शब्दाचा अर्थच तो) ही पाटी वाचून कामगार एकदाच भाजलेलं ताजं मागू लागले. शेवटी बाजू सावरावी म्हणून साखरेपुढे ठळक लिहिलं: आपल्याकडून जगभर गेली. हिशेबनीसांनी लगेच कोठीतली साखर वजन करायला काढली.

परवा मोठ्या साहेबांपुढे चौकशी आहे. कॅन्टीन माझ्याकडे राहायचं की नाही, ते तिथे ठरेल. घर त्यावरच चालतं, मामा, आणि मला खरोखर भीती वाटते. खरं बोलावं तर आणखी रुततो आणि गप्प बसावं तर कबुली दिल्यासारखं होतं.

तुमचा,
गोंधळलेला भाचा

ता. क. पत्र खरं तर यासाठी: परवा येऊन साहेबांना सांगाल का, की हे सगळे उगम तुम्ही गंमत म्हणून मनाने रचलेत? त्या थापा ठरल्या तर मी सुटतो. तुमच्यासारख्याकडे हे मागताना लाज वाटते, पण मागतो.

आणखी एक. मामींना आधी फोनवर विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, “अरे, मग त्यात त्यांना खोटं कुठे बोलायचंय? लग्न झाल्यापासून मी तसंच समजून ऐकतेय.” तेव्हापासून मला काही सुचत नाही. मामा, निदान बटाट्याचं तरी खरं होतं ना?