उमेळ्याच्या किड्यांचं जेवण

३ फेब्रुवारी २०२५, पहाटे ५.१० (ठरलेली वेळ ४.३०)
आजपासून नवं पर्व. काल सालोमी मॅडमचा, म्हणजे माझ्या गाईडचा फोन. पीएच.डी.ची ही शेवटची मुदतवाढ. २० मार्चला कमिटीसमोर निकाल दाखवा, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. रद्द म्हणजे कॉलेजातली तासिका तत्त्वावरची नोकरीही गेलीच. घाबरण्यासारखं काही नाही. विषय मुठीत आहे. खाडीच्या चिखलात केसाहून बारीक किडे राहतात, ते काय खातात? बस्स. वाचन सगळं झालंय, आता फक्त त्यांना खायला घालून बघायचं.
संकल्प: पहाटे उठणे. मोबाईल बंद. चहा एकच.

त्याच दिवशी, सकाळी ९
डोळा लागला होता. चहा तीन झाले.

९ फेब्रुवारी
उमेळ्याच्या खाडीवर गेलो. वाट धर्माकाकांच्या शेतातून. त्यांना वाटतं मी बिल्डरचा माणूस, माती तपासतोय. किती मजली होनार, असं विचारलं. किडे काय खातात ते बघतोय म्हटलं. ते म्हणाले, सांगायचं नसेल तर नको सांगू, पन जागेचा भाव पाडू नको.
चिखल श्रीखंडाच्या डब्यांतून आणला. ते डबे रचनाच्या आईने दिलेले होते, हे घरी आल्यावर कळलं. संशोधकाच्या बायकोने थोडं मन मोठं करायला हवं.

११ फेब्रुवारी
बाल्कनीत मायक्रोस्कोप लावला. दिसले! नुसती वळवळ. भरून आलं.
पण पाणी काळंकुट्ट, वास तर विचारू नका. असल्या पाण्यात बिचारे राहतात कसे? ते ओतून टाकलं आणि घरच्या आरओ फिल्टरचं भरलं. आमच्या एव्हरशाईन सोसायटीत आपण पाहुण्याला टँकरचं पाणी देतो का?

१२ फेब्रुवारी
किडे एकदम शांत. रुळले. रचनाने विचारलं, हलत का नाहीत. म्हटलं, नव्या जागी आपणही आधी बुजतोच. ती काहीतरी बोलणार होती, पण कुकरची शिट्टी झाली.

२३ फेब्रुवारी
मधले दिवस गेले. लाईट नव्हती, मग पाठ धरली, मग पाठ सुटली पण मूड नव्हता.
जुनी खेप दिसेनाशी झालीय. बहुधा बिळं करून खोल गेलेत. नवीन चिखल आणला. या वेळी वेळ न दवडता लगेच आरओ. शेवाळ गुलाबी रंगात कालवून वाढलं. युक्ती साधी आहे: पोट गुलाबी झालं की खाल्लं.

२ मार्च
ढिम्म. एकाचंही पोट गुलाबी नाही. बहुतेक रंग पातळ पडला.
एक्केचाळिसाव्या वर्षी हे सुटलं तर कुठे उभं राहायचं? घर रचनाच्या पगारावर चालतं. ती कधी बोलून दाखवत नाही, तेच जास्त लागतं. आज बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. पाणी वाया गेलं म्हणून ओरडा बसला.
नवा संकल्प: रडणे बंद. उद्या नवा चिखल, रंग दुप्पट.

१० मार्च
जिंकलो. सगळे गुलाबी! नुसतं पोट नाही, डोक्यापासून शेपटीपर्यंत. तुडुंब जेवलेत. शेवाळच खातात, माझंच खरं होतं. रचनाने शिरा केला.
मॅडमनी फोटो आधी पाठवा म्हणून मेसेज केला होता. नाही पाठवले. एकदम स्क्रीनवरच बघू देत. प्रबंधाची अर्पणपत्रिका लिहून ठेवली, रचनाला. तिला अजून सांगितलं नाही.

२० मार्च, दुपारी
फोटो लागला. मॅडमनी चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला. मग हळूच विचारलं, पाणी कुठलं घातलं. आरओचं, असं सांगितलं. जरा अभिमानानेच.
त्या म्हणाल्या, जिवंत किड्याने रंग खाल्ला तर फक्त आतडं रंगतं. अंगभर चढतो तो मेलेल्याच्या. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात टाकला की फुगून मरतो. म्हणजे प्रत्येक खेप आरओ घातलं त्याच दिवशी गेली होती. महिनाभर मी त्यांचं श्राद्ध घालत होतो.
एका सरांनी विचारलं, हलत नाहीत हे लक्षात नाही आलं? आलं होतं. पण मी पुढचा फोटो लावला.
रजिस्ट्रेशन रद्द. सही करताना मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही.

२० मार्च, संध्याकाळ
रचनाने दार उघडलं आणि माझा चेहरा बघूनच तिला कळलं. पर्स खांद्यालाच होती, म्हणजे तीही आत्ताच आली होती. भूक नाही म्हटलं. तरी तिने वरणभात लावला. खाल्ला. परत मागितला. तिने तोही वाढला. मी काय खातोय, किती खातोय, तेवढंच बघत समोर बसून राहिली.