म्हाळूमामांचा इंग्रजी कागद

दौंड,
१४ सप्टेंबर १९९८

ती. म्हाळूमामांना नागसेनचा सविनय जयभीम. जाईबाई मामींनाही सांगावा.

मी बरा आहे. कुरकुंभच्या ऑफिसात टायपिंगचं काम चालू आहे. खोलीवर पाणी एक दिवसाआड येतं, तेवढेच हाल.

तुमचं पत्र पोचलं. आमच्या कंपनीनं तुम्हाला कामावरून काढताना दिलेल्या इंग्रजी कागदाच्या आणखी दहा झेरॉक्स मागवल्यात. इथलं मशीन बंद पडलंय.

खोटं लिहिलं, मामा. मशीन धडधाकट आहे.

रविवारी वडगावला आलो, तेव्हा तुम्ही घरी नव्हता. मामी म्हणाल्या, "शिक्रापूरच्या येकेका कंपनीत त्यो कागद दावत्यात. सायेब वाचतो आन् न्हाई म्हनतो. कागद तर चांगला हाय म्हनला व्हतास ना?" मी चहा अर्धा टाकून उठलो.

तो कागद चांगला नाही. "काम कमी झालं म्हणून थांबवलं, माणूस चांगला" हे मी मनचंच वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय की तुमच्या अंगाचा वास बाकीच्या कामगारांना 'रिपल्सिव्ह' वाटतो. म्हणजे शिसारी आणणारा. तीन वर्षं उघड्या हातांनी तुम्ही त्यांचेच केमिकलचे ड्रम धुतलेत. वास त्यांचा, आणि हाकललं तुम्हाला! थू असल्या कंपनीवर.

पण तो कागद मीच टाइप केला, आणि साहेबांना तो शब्द येत नव्हता. त्यांनी नुसतं 'बॅड स्मेल' लिहिलं होतं. "जरा जोरदार शब्द घाल रे," म्हणाले. मी घातला. वाक्य चोख बसलं. त्यांनी पाठ थोपटली आणि मला बरंही वाटलं. शिरूरच्या टायपिंग क्लासला तुम्ही मला सायकलवर डबलसीट न्यायचात, ते तेव्हा आठवलंसुद्धा नाही. आता जेवायला बसलो की माझ्याच हातांची किळस येते.

तो कागद आणि सगळ्या झेरॉक्स चुलीत घाला. तुम्ही तीन वर्षं इमानानं काम केल्याचं मी साध्या मराठीत लिहून सोबत पाठवलंय. खाली सही माझी आहे, साहेबांची मिळणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे.

अजून एक राहिलं. तो शब्द मला शोधावा लागला नाही. शिफ्ट सुटल्यावर तुम्ही खोलीवर यायचात, "दमलास का रं?" म्हणून तोंडावरून हात फिरवायचात. तेव्हा मी श्वास रोखून धरायचो.

तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत नसलेला,
तुमचा भाचा
नागसेन