यादीत नसलेली बासिलिया

सेबू,
२ मार्च २००९

ती. ताताय यांस,
तुमचा हात कपाळाला लावून मिंदाचा सा. न. वि. वि.

अकरा फेब्रुवारीला ‘एस्त्रेला’ बोट बुडाली तेव्हा तिच्यावर नक्की किती माणसं होती? दोन आठवडे हा एक रकाना माझ्यापुढे रिकामा आहे आणि मला तो भरता येत नाही. कचेरीतल्या बाकी सगळ्यांना येतो. अठ्ठेचाळीस, म्हणतात, यादीत आहेत तेवढी. सेहेचाळीस वाचली, दोन गेली, बेरीज जुळली. बेरीज जुळते म्हणूनच माझा हात पुढे जात नाही, कारण त्या अठ्ठेचाळीसात बासिलिया आत्याचं नाव नाही.

फोनवर विचारलं की तुम्ही ‘जेवलीस का’ म्हणता आणि ठेवून देता. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला तुम्ही नेहमी उत्तर देता.

तुम्ही धक्क्यावर लोकांना सांगता की पोरगी बोटमालकांच्या कचेरीत टायपिंग करते, हे आत्याच्या हर्मीनं मला कळवलं. टायपिंगही असतं. पण एप्रिलअखेरीस इथे जगभरच्या बोटमालक संघटनांची परिषद भरते आहे. नॉर्वे, ग्रीस, बांगलादेश, कुठून कुठून माणसं येणार. प्रत्येकानं आपल्या देशातल्या अपघातांचा तक्ता मांडायचा, म्हणजे कुठे काय चुकतं ते कळेल आणि सरकारांकडे सगळ्यांना मिळून चांगले नियम मागता येतील. आपला तक्ता माझ्याकडे आहे. घरातल्या पहिल्या पदवीला मिळालेलं पहिलं खरं काम, म्हणून मी फार आनंदात होते.

आमचे साहेब, इंजिनियर गाउदेन्सियो, बावीस वर्षं हेच करतात. मी त्यांना विचारलं की रकान्यात काय लिहू. ते म्हणाले, मी दर वर्षी तोच परिच्छेद लिहितो, फक्त बोटीचं नाव बदलतो. ते हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

आईला सांगा, दम्याच्या गोळ्या बोटीच्या कारकुनाबरोबर पाठवल्या आहेत. लोभ आहे, तो वाढवत राहावा.

तुमची मिंदा


लिनावान,
८ मार्च

चि. लाडकी मिंदा हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. गोळ्याही पोचल्या. पाकिटाला सुक्या माशाचा वास आहे, तो बोटीवर लागला असणार, तुझ्या कचेरीचा नसावा. पदवी मिळाल्यापासून तुझं अक्षर बिघडलं. तुझ्या आईला तीन ओळी मलाच वाचून दाखवाव्या लागल्या. डॉक्टर व्हायचं होतं की काय तुला?

इकडे ठीक. माझ्या बोटीचा शाफ्ट दुरुस्त होऊन आला, गेल्या सोमवारपासून पुन्हा फेऱ्या चालू आहेत. तुझा पदवीचा झगा घातलेला फोटो टीव्हीच्या वर लावला होता, त्याच्यामागे पालीनं अंडी घातली. तुझी आई काढू देत नाही. म्हणते, शिकलेल्या घरात तिला राहावंसं वाटलं तर राहू दे.

तुझ्या रकान्याचं म्हणशील तर अठ्ठेचाळीस लिही. बंदर कचेरीनं लिहिलं, चौकशीवाल्यांनी लिहिलं, तुझ्या निनोंगनं, अन्सेल्मोनं, खाली सही केली. तू एकटीनं वेगळं लिहून काय होणार आहे? बोट त्याची होती. चालवतही तोच होता. तुझ्या बाप्तिस्म्याला मेणबत्ती धरून उभा राहिला तोही तोच, हे विसरू नको. अन्सेल्मो आता घराबाहेर पडत नाही. अंगणात बसून फाटलेलं नसलेलं जाळं शिवत असतो. रविवारी मिस्साला आला, शेवटच्या खांबाशी उभा राहिला आणि ख्रिस्तप्रसाद न घेता निघून गेला. माणसाला आणखी किती शिक्षा द्यायची?

हर्मी नगर कचेरीत दोनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा मी तिला जाऊ नको म्हटलं. उन्हात रांगेत उभं राहून ती काळी पडली आहे.

भात वेळेवर खात जा. नुसत्या पावावर राहू नको. आमचा जीव तुझ्याकडे लागलेला असतो, एवढं ध्यानात ठेव.

ताताय


सेबू,
१७ मार्च

ती. ताताय यांस,
कपाळ तुमच्या हाताशी. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी कचेरीत डबा खाताना वाचलं. डब्यात भात होता, आईला सांगा.

गेल्या आठवड्यात आम्ही इथल्या धक्क्यावर जीवरक्षक जाकिटांचा वर्ग घेतला. एका बोटीच्या छताखाली ऐंशी जाकिटं होती, सगळी नवी. चोरीला जाऊ नयेत म्हणून नायलॉनच्या दोरीनं एकमेकांना बांधलेली, आणि मळू नयेत म्हणून वर प्लास्टिकच्या पिशव्या. मी एका खलाशाला म्हटलं, समजा बोट बुडते आहे, मला एक काढून द्या. त्यानं गाठ सोडायला घेतली. मग चाकू शोधायला गेला. चाकू स्वयंपाक्याकडे होता. लोक हसायला लागले आणि मीही हसले, मग घरी येऊन रडले. तपासणीच्या कागदावर त्या बोटीला जाकिटांसाठी पूर्ण गुण आहेत. ताताय, मला वाटायचं की बोटवाल्यांना सुरक्षा नको असते. तसं नाही. सगळ्यांना हवी आहे, फक्त ती मळू नये असं वाटतं.

परिषदेच्या तयारीसाठी बांगलादेशातल्या एका बाईंशी माझा पत्रव्यवहार चालतो. मी त्यांना विचारलं की तुमच्याकडे यादी आणि माणसं जुळतात का. त्यांनी कळवलं की तुमच्याकडे निदान यादी तरी असते. एवढं एकच वाक्य लिहिलं होतं.

आता हर्मीचं. तिचं पत्र मला आलं. नगर कचेरीतला माणूस तिला म्हणाला की आई यादीत नाही म्हणजे बोटीत नव्हती. बोटीत नव्हती तर बुडाली कशी? कुठेतरी निघून गेली असेल, चार वर्षं वाट बघा, मग मृत्यूचा दाखला मागा. बासिलिया आत्या, जी घरातून बाजारात जाताना तीन जणांना सांगून जायची, ती निघून गेली असं तो म्हणतो. हर्मीला फक्त एका माणसाची साक्ष हवी आहे, की तिला बोटीत चढताना पाहिलं. सगळ्या बेटाला माहीत आहे आणि एकही माणूस मिळत नाही.

आत्याला फळीवरून चालायची भीती वाटायची. हात धरल्याशिवाय ती कधी कुठल्या बोटीत चढली नाही. त्या दिवशी तुमच्या बोटीचा शाफ्ट काढलेला होता, म्हणजे तुम्ही समुद्रात नव्हता, धक्क्यावर होता.

तिचा हात कुणी धरला, ताताय?

पुढच्या महिन्यात पवित्र आठवडा आहे. प्रत्येक बोट घरी जाणाऱ्यांनी भरेल, आणि बेटावर सगळे एकमेकांचे कुणीतरी लागतात. मला त्याची भीती वाटते.

रागावू नये. लोभ आधीइतकाच हवा आहे.

मिंदा


लिनावान,
२४ मार्च

चि. मिंदा हिस आ.

हात मी धरला. तू विचारलंस म्हणून सांगतो, पुन्हा विचारू नको.

काल चाळिसावा दिवस घातला. पाद्रींनी मिस्सामध्ये तिचं नाव घेतलं, पण आधी दिवंगत म्हणावं की बेपत्ता, ते त्यांना ठरवता येईना. नुसतंच बासिलिया म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले. अन्सेल्मोनं बायकोच्या हाती भाजलेल्या डुकराची मांडी पाठवली. हर्मीनं ती परत केली नाही. कुणी खाल्लीही नाही.

बासिलियाला चष्मा करायला पलीकडे जायचं होतं. माझी बोट बंद, म्हणून मी तिला अन्सेल्मोच्या बोटीवर घेऊन गेलो. कारकुनानं यादीवर पेन्सिल टेकवली तेव्हा मी म्हटलं, लिहू नको, ही आपली आहे. तुला ठाऊक आहे आपली रीत. नाव लिहिलं की तिकीट आलं, तिकीट आलं की माणूस परकं झालं. माझ्या बोटीवरही मी हेच करत आलो, सव्वीस वर्षं. बासिलिया हसली. म्हणाली, “ज्या दिवशी माझं नाव लिहाल, त्या दिवशी समजेन की तुम्हा दोघांचं भांडण झालं.” मग मी तिला फळीवरून आत नेलं. हात ओला होता तिचा, भीतीनं.

यादीबाहेर आणखी चौघं होती. मांडीवरची तीन पोरं आणि अन्सेल्मोचा मेहुणा. त्यांना कुणी ना कुणी ओढून बाहेर काढलं आणि ती घरी गेली. तुझ्या रकान्याचं उत्तर त्रेपन्न.

एवढंच असतं तर मी पहिल्याच पत्रात लिहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शोधपथकाचा अधिकारी धक्क्यावर यादी वाचत होता. एकेका नावापुढे खूण. शेवटची खूण झाल्यावर त्यानं मान वर करून विचारलं, आणखी कुणी? चांगला माणूस होता, घाई करत नव्हता. अन्सेल्मो माझ्या शेजारी उभा, कपाळाला टाके, अंगात कुणाचा तरी सदरा. त्यानं माझा दंड धरला. मी बोललो असतो तर तो तिथूनच कोठडीत गेला असता. मी मनात म्हटलं, आपल्या नऊ बोटी आहेत, पाणी आपलं आहे, आपलं माणूस आपण शोधू. अधिकाऱ्यानं वही मिटली. वर विमान फिरत होतं, ते वळलं आणि गेलं. जाताना मी ते पाहिलं.

आम्ही तीन दिवस शोधलं. बोटीतून पुढच्या लाटेपलीकडचं काही दिसत नाही. विमानातून दिसलं असतं. दिसलंच असतं असं नाही. चाळीस दिवस मी हेच म्हणतो आहे, दिसलंच असतं असं नाही. आता म्हणायचाही कंटाळा आला.

तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही. हर्मीलाही नाही. ती मला रोज दुपारी कालवण आणून देते.

हे वाचून जाळ. तू शिकलेली आहेस, तुला आणखी सांगायला नको.

तेओदुलो सालिनास ओम्पाद
कप्तान, प्रवासी बोट ‘बिर्हेन’, लिनावान
परवाना क्रमांक ४१७७


सेबू,
१ एप्रिल

ती. ताताय यांस,
तुमचा हात माझ्या कपाळाला आहे असं समजून सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. मी ते तीनदा वाचलं आणि शेजारणीकडून काडेपेटी आणली. खरंच जाळणार होते. तुमच्यावर रागावले होते, मग निनोंगवर, मग मोठं विमान पाठवणाऱ्या पण एक प्रश्न दोनदा न विचारणाऱ्यांवर. शनिवारी रात्रीपर्यंत राग करायला कुणी उरलं नाही. मग आत्याची आठवण आली, नुसतीच, कसलाही विचार न येता. त्यानंतर मला झोप लागली.

रविवारी पत्र पुन्हा काढलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तुमची सगळी पत्रं माझ्या ट्रंकेत आहेत. प्रत्येकाखाली नुसतं ताताय असतं. याच एका पत्राखाली तुम्ही पूर्ण नाव, बोट आणि परवाना क्रमांक घातला. लेकीनं जाळावं म्हणून पाठवलेल्या पत्रावर कुणी परवाना क्रमांक घालत नाही. मी चुकत असेन. तुम्ही थकून, न बघता लिहिलं असेल. तसं असेल तर हा माझा दोष, तुम्ही माझ्या शिक्षणावर केलेल्या खर्चाचा नाही.

साहेबांना मी त्याच दुपारी घरी जाऊन भेटले. त्यांनी पत्र उभ्यानंच वाचलं. म्हणाले, या वर्षी ‘एस्त्रेला’ची ओळ तक्त्यातून गाळ, पुढच्या वर्षी घालू. सभासद बोटमालकांच्या वर्गणीवर आपली कचेरी चालते आणि त्यातल्या प्रत्येकाच्या बोटीवर अशी माणसं असतात. मी विचारलं, पुढच्या वर्षी ओळ हीच राहील आणि फक्त बोटीचं नाव बदललेलं असेल का? त्यांनी पत्राची घडी घालून ते माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, सोमवारी मी रजेवर आहे, आणि रजेवरच्या माणसाला विचारून कुणी काही करत नाही. दारापर्यंत सोडायला आले. बावीस वर्षांत त्यांनी रजा घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

तक्त्यात मी त्रेपन्न लिहिलं आहे. खाली एक मागणी जोडली: यादी तिकिटापासून वेगळी करा. जो बोटीत पाय ठेवेल त्याचं नाव लिहायचं, मग तो पाव्हणा असो, कप्तानाची बहीण असो की मांडीवरचं मूल. पैसे घ्या की नका घेऊ, ते तुमचं तुम्ही बघा. बांगलादेशच्या बाईंनी कळवलं की त्यांच्या तक्त्याखालीही त्या हेच लिहिणार, फक्त त्यांच्याकडे छपरावरच्या लोकांपासून सुरुवात करावी लागेल. यानं काही बदलेल का, मला सांगता येत नाही. जानेवारीत विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं.

हर्मीला मी कालच सगळं लिहिलं, विमानासकट. ते तिला तुमच्याकडून कळायला हवं होतं. पण तुम्ही सांगितलं नसतं, आणि ती कालवण आणत राहिली असती. ती आता आणेल की नाही, मला माहीत नाही.

तुमचा परवाना जाईल. निनोंग कोठडीत जाईल कदाचित, आणि गावात लोक आईशी बोलायचे थांबतील. हे सगळं मी एका बाजूला मांडून बघितलं. दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट होती, की आत्या बोटीत होती. तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि मी ऐकलं असतं, म्हणून विचारलं नाही. सोमवारी सकाळी साडेनऊला तुमचं पत्र मी चौकशी कचेरीत दिलं. मूळच दिलं, नक्कल त्यांना चालत नाही. निनोंगचं नाव खोडलं नाही, तुमचंही नाही. त्यांनी शिक्का मारून पोच दिली, तीत साक्षीदार म्हणून तुमचं नाव आहे, आणि त्याच्या वर, प्रवासी म्हणून, तिचं.

उरेल तेवढा लोभ असू द्यावा.

तुमची
मिंदा