मेजरच्या रकान्यातली रेघ

बाबा,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी मी कॉलेजच्या सल्लागार बाईंना मेजर, म्हणजे मुख्य विषय, जाहीर करण्याचा फॉर्म दिला. मेजरच्या रकान्यात निळ्या पेनाने ‘प्रीमेड’ लिहिलं होतं. मायनरचा, म्हणजे दुय्यम विषयाचा, रकाना रिकामा होता.

२. त्यांनी फॉर्म परत केला. प्रीमेड ही नुसती मेडिकलची पूर्वतयारी, त्या नावाचं मेजर नसतं. मेडिकल स्कूलला अर्ज करायचा तर केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्सचे ठरावीक कोर्स पुरतात. मेजर कशातही करता येतं.

३. मी विचारलं, सिव्हिल इंजिनिअरिंगमध्येही? त्या म्हणाल्या, जड जाईल, पण हो. मग त्यांनी विचारलं, “तुला डॉक्टर व्हायचंय ना?” मी फॉर्म उचलून बॅगेत ठेवला.

४. मंगळवारी घरी गेले आणि आईला हे सांगितलं. शेवटचा प्रश्न सोडून.

५. आज बुधवार. फॉर्म शुक्रवारी दुपारी चारपर्यंत द्यायचा आहे.

दीड वर्ष मी सगळ्यांना माझं मेजर प्रीमेड आहे असं सांगत होते. आपल्या गावात, वेस्ट विंडसरमधल्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात तसंच बोलतात, आणि मी ते एकदाही पडताळून पाहिलं नाही. तुम्हाला हे आवडलं नसतं. पण दुसरा रस्ता नाही असं मानण्यात सोय होती, हेही खरं.

मंगळवारी घरी काका-काकू चहाला आले होते. तुमचे हे डॉक्टर मित्र आता निवृत्त झालेत आणि सल्ला द्यायला पूर्ण मोकळे आहेत. “त्यात कन्फ्यूज काय व्हायचं? बायॉलॉजी मेजर, केमिस्ट्री मायनर. फिनिश!” ते म्हणाले. काकू म्हणाल्या, “मायनर म्हणजे कोशिंबीर गं. काहीही घे, जेवण काय तिच्यावर अडत नाही.” मी विचारलं, सिव्हिल घेतलं तर? काका हसले. “पेशंटच्या पोटात पूल बांधणारेस का?” आई हसली नाही. तिने माझ्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हणाली, “तुला जड जाईल असं काही घेऊ नकोस. तू डॉक्टर व्हावंस, एवढं एकच मागणं होतं बाबांचं.”

तिच्या मागे देव्हारा होता. दसऱ्याला तुम्ही तिथे पाटावर तुमचा मापं घ्यायचा कॅलिपर ठेवायचात, त्याला हळदकुंकू लावायचात, आणि त्या दिवशी मला त्याला हात लावू द्यायचा नाहीत. आता तो कॅलिपर माझ्या टेबलाच्या खणात आहे. पाटावर काकांचा जुना स्टेथोस्कोप असतो. आठ दसरे झाले. मी दर वर्षी त्याला नमस्कार करते.

सिव्हिल इंजिनिअर म्हणून तुम्ही काँक्रीट तपासायचात ती लॅब मला नीट आठवते. शनिवार आहे, मी दहा वर्षांची आहे, आणि माझ्या डोक्याला मोठं होणारं पिवळं हेल्मेट मी घातलंय. अठ्ठावीस दिवस ओलसर खोलीत ठेवलेला काँक्रीटचा सिलिंडर तुम्ही दाब देणाऱ्या प्रेसखाली उभा करता. “आधी तुझा अंदाज लिही, मग फोडू.” तो किती भाराला फुटेल, तो आकडा मी तुमच्या वहीत पेनाने लिहिते. प्रेस खाली येतो, बराच वेळ काहीच होत नाही, मग एकदम आवाज होतो आणि माझा आकडा फार कमी निघतो. मी तो कागद फाटेपर्यंत गिरगटते. तुम्ही माझ्या हातातून पेन काढून घेता. तुम्ही मला रागावल्याची ही एकच आठवण माझ्याकडे आहे. “गिरगटायचं नाही. एकच रेघ मारायची. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा आणि आपली सही. नाहीतर चूक कुणाची ते कसं कळणार?”

वर्षभरानंतर तुम्ही गेलात. तेराव्या दिवशी काकूंनी वरणभात करून आणला होता. आई ताटासमोर नुसती बसली होती. कितीतरी दिवस ती तशीच बसत होती. काकूंनी स्वयंपाकघरात सगळ्यांदेखत मला विचारलं, “बाबा हॉस्पिटलमध्ये तुला काही म्हणाले होते का गं?” मी म्हणाले, “मी डॉक्टर व्हावं असं म्हणाले.” आईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने भात कालवला आणि सगळा संपवला.

तुम्ही तसं म्हणाला नव्हतात. तुम्ही विचारलं होतं, लायब्ररीचं पुस्तक परत केलंस का.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि आईने जेवावं एवढंच मला हवं होतं. ते वाक्य एका जेवणापुरतं होतं. पुढे आईने ते प्रत्येकाला सांगितलं, फोनवरून पुण्यापर्यंत पोचवलं, आणि त्यावर ती इतकी वर्षं उभी आहे. सोमवारपर्यंत मला वाटत होतं की कॉलेजने मला अडकवलंय. कॉलेजची काहीच हरकत नाही. बायॉलॉजी लिहिलं तर मी त्या वाक्यावर पुन्हा एकदा सही करते. सिव्हिल लिहिलं तर आईला सांगावं लागेल की तुमचं शेवटचं मागणं माझं होतं. मग तिच्याकडे तुमचं काय उरेल, याचा हिशेब मला जमत नाही.

फॉर्म समोर आहे. ‘प्रीमेड’वर मी एकच रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं. शेजारी अजून काही लिहिलेलं नाही, आणि सहीही नाही.

हे पत्र तुमच्या कॅलिपरखाली खणात राहील. तरी एक कबूल करते. मी डॉक्टर व्हावं असं तुम्हाला खरंच वाटत होतं, असं उत्तर आलं तर मला सुटल्यासारखं होईल. मग मी उरलेली वर्षं निमूट बायॉलॉजी करीन. आणि ते पुस्तक मी परत केलेलं नव्हतं. तुम्हाला हो म्हणाले होते.

कृपया शुक्रवारी दुपारी चारच्या आत कळवा.