ब्रिजिदा मावशीची रिकामी चौकट

३ मार्च
नेपल्सच्या आपल्या भाषेतल्या ऑनलाइन ज्ञानकोशात गेल्या महिन्यात लिहिणारे: एक. मीच. अख्खं शहर दिवसभर याच भाषेत भांडतं, पण पेन हातात घेतलं की इटालियन. घाबरायचं कारण नाही. ईस्टरपर्यंत पन्नास लेखक जमवतो.

९ मार्च
जमले शून्य. बायको रोझाल्बा म्हणाली, तूच लिहितोस, तूच वाचतोस, मग मनातच ठेव की, विजेचं बिल तरी वाचेल.
टार्गेट बदललं. एकच लेखक, पण अस्सल. चौथ्या मजल्यावरची ब्रिजिदा मावशी, वय ८४. चाळीस वर्षं हातमोजे शिवले. त्या धंद्यातले शब्द आता फक्त तिच्याच तोंडी आहेत. ती गेली की संपलं.

१४ मार्च
मावशी म्हणते, आपली भाषा बोलायची असते रे, लिहून काय तिचं लोणचं घालायचंय? तरी कॉफी पाजली, तीस शब्द सांगितले. म्हणजे जवळजवळ तयारच आहे.

२० मार्च, दुपारी
युक्ती सुचली. मावशीवरच लेख लिहिला. बाजूला माहितीची चौकट. जन्म: १९४१. मृत्यू: पुढे जागा मोकळी सोडली, नंतर शोधाशोध नको. छापून, ती बाल्कनीतून सामानासाठी खाली सोडते त्या टोपलीत ठेवला. तिने दोरीने वर ओढला. आता खूश होऊन लिहायला बसेल.

२१ मार्च
बाल्कनीतून ओरडली, गल्लीभर ऐकू गेलं. माझ्या मरणाला जागा राखून ठेवलीस का रे मेल्या? तारीख कधीची काढलीस? मग अपशकुन टळावा म्हणून दाराला लाल शिंग टांगलं. रोझाल्बा म्हणाली, जित्या माणसाचं मरण कुणी असं मांडून ठेवतं का? एवढी भाषा शिकलास, हे नाही शिकलास.
तांत्रिक गैरसमज आहे. दोन दिवसांत निवळेल.

२ एप्रिल
निवळला नाही. समेटासाठी टोपलीतून आर्टिचोकची भाजी पाठवली, टोपली तशीच भरलेली खाली आली. जिन्यात मला पाहिलं की मुठीची दोन बोटं शिंगासारखी पुढे करते. तीस शब्दांवर कोश थांबला. बाकीचे दाराआड आहेत आणि दार मीच लावून घेतलं. आज स्वयंपाकघरात रडलो. रोझाल्बाला सांगितलं, कांदा.

५ एप्रिल, ईस्टर
टोपली आपणहून खाली आली. आत माझाच कागद. तिचं नाव खोडून माझं घातलंय. मृत्यू: काल. खाली माझ्या स्वभावावर आठ ओळी, तिच्या हातच्या, अस्सल आपल्या भाषेत. त्यातले दोन शब्द कुठल्याच शब्दकोशात नाहीत. एक अक्षर न बदलता सगळं ज्ञानकोशात चढवलं.
लिहिणारे: दोन. पैकी एक काल वारला.