बारीक चोचींचा चमत्कार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला गेला असेल असं धरून चालते (गेला नसेल तर कळवू नकोस, इथे माझं डोकं आधीच उठलंय).

चाळीस वर्षं लोकांच्या जबड्यांत डोकावून आमचे हे निवृत्त झाले आणि आता चिमण्यांच्या चोची मोजतात. जाळीत धरायची, चोच मोजायची, पायात रंगीत कडी घालून सोडायची. तीन हिवाळे अंगणात फक्त टणक बिया. का, तर म्हणे जाड चोचीच्या चिमण्या बिया फोडतील, जगतील, त्यांची पिल्लंही तशीच निपजतील. बारीक चोचीच्या हळूहळू कमी होतील. "चोच कुणी वाढवत नाही गं, निसर्ग निवडतो!" मी म्हटलं, बिया तर तुम्ही आणता! त्यावर, "तुला नाही कळायचं."

न कळायला काय झालं? आपल्या सायन्सच्या सिस्टर सकाळी प्रार्थनेत 'दुबळ्यांवर दया करा' सांगायच्या आणि दुपारी फळ्यावर 'टिकेल तो जगेल' लिहायच्या. (मला दोन्हींत पैकीच्या पैकी होते, तुला नव्हते.) पण निळ्या कडीची ती बारीक चोचीची चिमणी बी उचलते, टाकते, पुन्हा उचलते आणि खिडकीतून माझ्याकडे बघते. माझे पुढचे दात पडले तेव्हा आई बदाम कुटून भरवायची, आठवतं? मग मी काय करणार! हे आंघोळीला गेले की त्यांच्याच दवाखान्यातल्या हातोडीनं वाटीभर बिया फोडून टाकते. रोज.

परिणाम? बारीक चोचीच्या गुटगुटीत, त्यांची पिल्लावळ दुप्पट! यांना वाटतंय, जग हादरवणारा शोध लागला. रविवारी पक्षिमित्र मंडळात भाषण आहे, आरशासमोर तालीम चालू आहे. कुणी शहाण्यानं एक प्रश्न विचारला की झालं हसं. या वयात त्यांचा पडलेला चेहरा मला बघवायचा नाही गं.

तुझी,
धाकटी

ता. क. – भावोजी मंडळाचे अध्यक्ष ना? सभागृहाचं छप्पर गळतंय म्हणावं, पण भाषण रद्द करायला लाव.

ता. क. २ – थांब, रद्द नको. पाकीट चिकटवताना राहवलं नाही, सगळं कबूल केलं. तर हे वही उघडून, "किती वाजता? वाटी कोणती? सपाट भरलेली की शिगोशीग?" आता विषय बदललाय: 'पक्ष्यांच्या निवडीत मानवी हस्तक्षेप'. आणि तो हस्तक्षेप लोकांना प्रत्यक्ष दिसावा म्हणून मला व्यासपीठावर उभं करणार आहेत. तेव्हा तुझ्या मोत्यांच्या कुड्या शनिवारच्या आत पाठव.