सुंदरी, सोलापूर

सोलापूर, १० मार्च १९७५

चि. मल्लिकार्जुन यास आप्पाचा आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. तुझं क्षेम लोकांच्या तोंडून कळतं.

दिवाळीनंतर लग्नात वाजवण्याची सुपारी घेऊन मुंबईस गेलास, तो परत आलाच नाहीस. गिरणीतला बिरप्पा सांगत होता, की तू केस वाढवलेल्या हिप्पी पोरांत सुंदरी वाजवतोस आणि ती डोळे मिटून माना हलवतात. सनईची ही धाकटी बहीण, आपल्या घराची चूल तिच्यावर पेटली, आणि तू ती असल्यांच्या नादी लावलीस. म्हणे ऐकताना त्यांना रंग दिसतात. रंगच बघायचे तर चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात उभं राहावं, पगारही मिळतो.

वैशाखात तुझ्या बहिणीचं, सुंदरम्माचं लग्न आहे. स्थळ अक्कलकोटचं. या वाद्यावरूनच आपण तिला सुंदरी म्हणतो. तिच्या मांडवात परक्याने वाजवलं तर मी तिथे उभा राहणार नाही. तुझी आई, अव्वा, डोळे पुसते आणि मलाच बोलते. उत्तर धाडलंस तर लोभ शिल्लक आहे असं समजेन.

आप्पा

मुंबई, २१ मार्च

ती. आप्पा व अव्वा यांच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. पत्र मिळालं, कान धरले.

पोरं वाईट नाहीत. गिटार वाजवतात, इंग्रजीत गातात, मला अक्षर कळत नाही. रेकॉर्ड करताना म्हणाले, मधे थोडं वाजव. आपली रीत अशी, की नवरी बोहल्यावर चढेपर्यंत वाजवायचं आणि तुमचा हात वर गेला की थांबायचं. तिथे कुणी हात वर केलाच नाही. मी टेप संपेपर्यंत वाजवत राहिलो. आता शिव्या बसणार असं वाटलं, तर त्यांतला एक जमिनीवर आडवा पडून रडत होता. गाणं तसंच ठेवलं. आता कॉलेजांतून तेच वाजतं.

रेकॉर्ड पाठवली आहे. एक घोटाळा झालाय. त्यांनी हे वाद्य कुठलं म्हणून विचारलं, मी सांगितलं सुंदरी, सोलापूरची. त्यांनी तेच वाजवणाऱ्याचं नाव म्हणून छापलं. पण आपल्याकडे इंग्रजी कोण वाचतंय? माया पातळ करू नये.

मल्लू

सोलापूर, १८ एप्रिल

चि. मल्लिकार्जुन, आशीर्वाद जेमतेम देतो.

कोण वाचतंय म्हणालास ना? नवऱ्या मुलाचे चुलते हिंदुराव वाचतात. याद्या करायला आले होते. मी मूर्खाने ती रेकॉर्ड कौतुकाने देव्हाऱ्याशेजारी मांडलेली. कव्हरवर निळ्या अंगाची, केस सोडलेली, अपुऱ्या कपड्यांतली बाई, आणि खाली छापलंय सुंदरी, सोलापूर. त्यांनी एकदा कव्हर पाहिलं, एकदा चहा घेऊन आलेल्या आपल्या सुंदरीकडे पाहिलं आणि चहा न घेता उठले.

सुंदरी हे वाद्य आहे हे सांगून माझा घसा बसला. ते म्हणतात, भावाने भर मांडवात वाजवून दाखवावं, नाहीतर लग्न मोडलं समजा. पोरगी दोन दिवस जेवली नाही. केस कापून ये. न आलास तर तुझं माझं सरलं.

आप्पा

मुंबई, २४ एप्रिल

ती. आप्पांस दंडवत. लग्नाच्याच दिवशी पोरांचा इथला सगळ्यांत मोठा कार्यक्रम आहे, आणि माझं खरं नाव स्टेजवरून सांगणार होते. त्यांना नाही म्हणून आलो. ते चिडले, चिडू देत. सुंदरीला जेवायला घाला. केस कापत नाही, फेटा बांधतो.

मल्लू

सोलापूर, २ जून

चि. मल्लिकार्जुन यास पोटभर आशीर्वाद.

जेवणाच्या पंगती उठायच्या आत मुंबईची गाडी गाठलीस, म्हणून लिहावं लागतंय. फेट्यातून केस लोंबत होते, ते सगळ्या अक्कलकोटाने पाहिले. हिंदुराव मात्र खाली बघत म्हणाले, की वाद्य लई गोड हाय.

आता माझं सांगतो. सुंदरी बोहल्यावर चढली, भटजी मुहूर्त मुहूर्त करत होते, अव्वा मला कोपराने ढोसत होती, आणि माझा हात वर जाईना. तो गेला की पोरगी परक्याची होणार होती, आणि तू मुंबईचा. तूही बेट्या वाजवतच राहिलास. शेवटी नवरीनेच मुंडावळ्यांआडून डोळे वटारले, तेव्हा थांबलास.

रेकॉर्ड पुन्हा देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे, कव्हर भिंतीकडे करून. नाव दुरुस्त करा म्हणून त्या पोरांच्या मागे लागू नकोस. घरात आता तेवढीच सुंदरी उरली आहे.

आप्पा